गुरुराजानं तोंड फिरवलं

द्वादशीचं पारणं झालं, पाहुण्यांची पानं उचलली गेली, तरी गुरुराज प्यायला नव्हता.

माजघराच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून सुमती बसली होती. पाच महिन्यांचं लेकरू मांडीवर आडवं घ्यायची, पदर ओढायची, की ते अंग ताठ करायचं, मान मागं टाकायचं आणि किंचाळायचं. भुकेचं रडणं सुमतीला ओळखू येत होतं. हे तसलं नव्हतं. परवापर्यंत पदराचं टोक दिसलं तरी हातपाय मारणारं पोर आज आईच्या मांडीला भ्यायलं होतं. आईला भ्यायलं! ही गोष्ट तिच्या डोक्यात शिरतच नव्हती. ती त्याला पुन्हा जवळ घ्यायची, आणि पुन्हा तेच व्हायचं.

"अजून न्हाई पीत?" थोरली जाऊ इंदुताई दारातून म्हणाली. तिच्या कडेवर तिची अकरा महिन्यांची ठकी होती.

"न्हाई हो ताई. काल मुक्कामावरून आल्यापासून एक घोट न्हाई. माझं काय चुकलं, कळंना झालंय."

मुक्काम म्हणजे स्वामींचा मुक्काम. चार वर्षांनी स्वामी बीदरला आले होते. रझाकारांच्या दिवसांत कोण येणार, आणि कुणी आलं असतं तरी दार कोण उघडणार! पोलिस ॲक्शनला वर्ष भरत आलं तेव्हा कुठं चातुर्मास ठरला. आषाढी एकादशीला सकाळी सासरे रामाचार्य घरातल्या झाडून सगळ्यांना घेऊन मुद्रा घ्यायला गेले होते. होमात तापवलेले चांदीचे शंख-चक्र दंडावर टेकवायचे, वर गोपीचंदन थापायचं, म्हणजे वर्षभराचं पाप गेलं. करजगीहून, उदगीरहून सोयरेधायरे त्यासाठीच आले होते. गुरुराजाची पहिलीच मुद्रा. सगळ्यांनी कौतुक केलं, की लेकरू रडलंसुद्धा न्हाई, आईच्या पदराखाली गप होतं.

आणि घरी आल्यावर त्याच पोरानं तोंड फिरवलं.

पाहुण्या बायकांनी दृष्ट काढली. मीठमोहऱ्या जाळून झाल्या. एकीनं सांगितलं, बाईनं उपवासाला रताळं जास्त खाल्लं असंल. दुसरीनं सांगितलं, दात येत असतील. तिसरीनं काही सांगितलं न्हाई, नुसती सुमतीच्या छातीकडं बघत बसली, आणि सुमतीला तीच सगळ्यांत जास्त लागली. संध्याकाळच्या मोटारीनं जायचं म्हणून मंडळी एकेक करून उठली, आणि घरात घरचीच माणसं उरली.

तेव्हा सासूबाई आल्या. मालतीबाईंना घरातली सगळी, लेकरंसुद्धा, अक्काच म्हणायची. त्यांच्या हातात पाण्यानं भरलेली काशाची वाटी होती.

"सुमती, ह्याच्यात थोडं पिळ."

"कशाला, अक्का?"

"बघायचंय. चांगलं दूध पाण्यात मिळून जातं. विटलेलं असलं की धागे धरतं."

सुमतीला आधी कळलंच न्हाई. मग कळलं, आणि कानशिलं तापली. "म्हंजे माझं दूध विटलंय म्हणायलाव तुम्ही?"

"मी काय म्हणायले? जे म्हणायचं ते पाणी म्हणंल."

तेवढ्यात तिचा नवरा अच्युतराव आत आला. तो दवाखान्यात जाऊन आला होता. डॉक्टर हैदराबादला गेलेले, परवा येणार, एवढंच घेऊन आला होता. माणूस मिडल स्कूलात गणित शिकवायचा, वर्गात आवाज असा की फळा हलावा, पण आईसमोर उभं राहिलं की त्याचे शब्द संपायचे.

"अहो, बघा ना," सुमती म्हणाली. "अक्का माझ्या दुधाची परीक्षा घ्यायल्यात. तुम्ही तरी सांगा."

अच्युतरावानं आईकडं बघितलं, वाटीकडं बघितलं. बायकोकडं मात्र बघितलं न्हाई. "बघू दे की," तो म्हणाला. "बघायला काय जातंय?"

लग्नाला चार वर्षं झाली होती. सासू काय म्हणेल, जाऊ काय म्हणेल ह्याचा सुमतीनं कधी विचार केला नव्हता असं न्हाई, पण हा माणूस वेळेला आपल्या बाजूनं उभा राहील हे तिनं धरून ठेवलं होतं. तिनं पाठ फिरवली आणि वाटीत पिळलं.

आता पाण्यात दूध टाकलं की पहिल्या क्षणी धागेच दिसतात, कुणाचंही टाका. दोन क्षण दम धरावा, वाटी हलवावी, की मिळून जातं. पण मालतीबाईंनी दम धरला न्हाई. पांढरी रेघ खाली उतरलेली दिसली मात्र, त्यांनी वाटी जमिनीवर ठेवली. जे दिसणार ते त्यांना वाटीत बघायच्या आधीच दिसलेलं होतं.

"धागे," त्या म्हणाल्या. "उद्या रुद्रम्मा न्हाऊ घालायला येईल, तिला मल्लिगेची फुलं आणायला सांगते. छातीला घट्ट बांधून घे. दोन-तीन दिवसांत आटंल. लेकराला शेळीचं दूध चालू करू. माझे दोघं त्याच्यावरच वाढले."

"अक्का, आटलं म्हंजे आटलं ते! परत येणार न्हाई!"

"येऊ नयेच."

आणि त्यांनी वरच्या फळीवरून लेकरांना दूध पाजायचं चांदीचं बोंडलं काढलं. तीस वर्षांपूर्वीचं, पण चिंचेनं घासून लख्ख ठेवलेलं. गुरुराजाला उभं धरून त्यांनी त्याच्या ओठाशी चोच लावली. त्यानं दोन घोट घेतले, तिसरा ओकला.

---

इंदुताईला ह्या घरात येऊन सात वर्षं झाली होती. पहिल्या वर्षीच तिला एक गोष्ट कळली होती, ती म्हणजे अक्कांच्या बाजूला राहिलं की दिवस सुखाचा जातो. त्यामुळं ती अक्कांच्या बाजूला असायची. तिचा नवरा व्यंकटेश हैदराबादेत नोकरीला, महिन्यातून एकदा यायचा. अक्कांशी वैर घेऊन ती कुणाच्या जिवावर राहणार होती?

घरातली दुसरी एक गोष्टही तिला कळली होती, पण ती कुणी बोलत नव्हतं. व्यंकटेशाच्या आधी अक्कांना एक मुलगा झाला होता, वादिराज. चार महिन्यांचा असताना त्यानं असंच दूध तोडलं आणि नवव्या दिवशी गेला. अक्कांच्या सासूनं त्यांना गल्लीतल्या बायकांसमोर सांगितलं, तुझं दूध विषारी हाय. पुढं व्यंकटेश झाला, अच्युत झाला, दोघांनाही अक्कांच्या छातीशी लावू दिलं न्हाई. बोंडलं त्या वेळचं.

अक्का स्वयंपाकघरात गेल्यावर इंदूनं ठकीला खाली ठेवलं. "सुमे, दे इकडं. मी बघते पाजून."

सुमतीनं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून काय गेलं ते इंदूला दिसलं, आणि तिला आपल्याच बोलण्याची लाज वाटली. लेकरू आपल्याला न्हाई म्हणालं आणि दुसरीला व्हय म्हणालं, तर त्या आईनं जावं कुठं? पण सुमतीनं गुरुराजाला उचललं आणि तिच्या मांडीवर दिलं.

"प्यायला तर पिऊ दे, ताई. जगू दे नुसता."

इंदूनं त्याला आडवं घेतलं, पदर ओढला. तिला तर दूध एवढं, की लेकराचा आवाज ऐकूनच चोळी भिजली. गुरुराजाच्या ओठावर थेंब पडला. आणि पोरगं ताठ झालं, मान मागं टाकली आणि असं किंचाळलं की ठकी दचकून रडायला लागली.

इंदूनं पदर सावरला. तिला वाटलं होतं ते घेईल. अगदी मनातून वाटलं होतं.

"माय माय! सुमे, हे माझंपण घेत न्हाई! अगं, ठकी तर आत्ता पिऊन उठलीय."

तिनं गुरुराजाला सुमतीकडं परत दिलं. मग इंदू उठली आणि सात वर्षांत केलं नव्हतं ते तिनं केलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि अक्कांच्या समोर उभी राहिली.

"अक्का, सुमतीचं दूध विटलेलं न्हाई."

"तुला कुणी विचारलं?"

"मी पाजून बघितलं. माझंपण घेतलं न्हाई. दोघींचं एकाच दिवशी कसं विटंल? ते दुधाला भेत न्हाई, अक्का. ते दुसऱ्याच कशाला तरी भ्यायलंय."

मालतीबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला. "तुझंपण?" त्यांनी विचारलं. मग पुन्हा थापायला लागल्या. "एकदा तोंड विटलं की कुणाचंच घेत न्हाई. फुलं येऊ देत उद्या."

---

त्रयोदशीला सकाळी रुद्रम्मा आली तेव्हा गुरुराजाचा आवाज बसला होता. लंगोट पहाटेपासून कोरडा होता. डोळे उघडे होते, पण कशाकडं बघत नव्हते. अच्युतराव ओसरीवर येरझारा घालत होता. सुमतीला रात्रीपासून ताप भरला होता, छाती दगड झाली होती, चोळीचं बिरडं लावता येत नव्हतं.

रुद्रम्मानं पानात बांधून आणलेली मोगऱ्याची फुलं कोनाड्यात ठेवली. लिंगायताची बाई, अर्ध्या बीदरची बाळं तिच्या पायांवर न्हाऊन मोठी झालेली. तिला सोवळं-ओवळं कुणी शिकवलं न्हाई आणि तिनंही कुणाला विचारलं न्हाई.

"फुलं मागनं बांधू," ती म्हणाली. "आधी लेकरू न्हाऊ घालते. दोन दिस मी न्हवते, तर काय करून ठेवलाव त्याचं?"

तिनं पाटावर बसून पाय पसरले, गुरुराजाला त्यावर ठेवलं आणि नेहमीसारखं दंडाला धरून कुशीवर वळवलं. पाण्याचा थेंबसुद्धा पडला नव्हता अजून. पोरानं बसलेल्या आवाजात असा टाहो फोडला की तिनं हात सोडला.

"हे काय लावलंय ह्याच्या दंडाला?"

"मुद्रा हाय ती," मालतीबाई म्हणाल्या. "वर गोपीचंदन हाय. पाच दिवस पाणी लावायचं न्हाई."

रुद्रम्मानं ओंजळभर कोमट पाणी घेतलं आणि घातलं.

"अगं ए! ऐकू येतंय का तुला? मुद्रेला हात लावू नको!"

"अम्मा, तुमचा देव मोठाच हाय, मी न्हाई म्हणायले का? पण खालचं कातडं तर बघू द्या."

गोपीचंदनाची वाळलेली पिवळट खपली भिजली, सुटली, पाण्याबरोबर ओघळली. उजव्या दंडावर एक आणि डाव्यावर एक, सुपारीएवढा फोड. दोन्ही फुटलेले, दोन्हींत पू. शंखही दिसत नव्हता आणि चक्रही. नुसतं लाल मांस होतं.

सुमती पाटाशी येऊन वाकली. दोन दिवस ती त्याला आडवं घेत होती, आणि आडवं घेतलं की एक दंड तिच्या अंगाखाली चेंगरत होता. ह्या कुशीवर घ्या की त्या कुशीवर. आणि ती त्याला आणखी घट्ट धरत होती, प्यावं म्हणून.

"मोठ्या माणसाला टेकवतात ते इतकुशा पोराला?" रुद्रम्मा म्हणाली.

"हलकंच टेकवतात लेकरांना," इंदू म्हणाली. "देणाऱ्यानं हलकंच टेकवलं होतं. पण हा दचकला, ही दचकली, आणि पदराखाली कुणाला काही दिसंना. दाबलं गेलं."

"पदराखाली? पदराखाली कामून?"

इंदूनं सुमतीकडं बघितलं. सुमती म्हणाली, "पीत होता."

"चटका देताना पीत होता?"

"व्हय."

"दोन्ही टायमाला?"

सुमती गुरुराजाकडं बघत म्हणाली, "पहिल्या चटक्याला तोंडातून सुटला होता. रडायच्या आत मीच परत लावला. परत लावला आणि दुसरा बसला."

"अय्यो शिवा!" रुद्रम्मानं कपाळावर हात मारला. "मग पिईल कसा गं तो? त्याला वाटायलंय, तोंड लावलं की भाजतं. तू असो, ही असो, कुणीबी असो. पाजत पाजत डाग द्यायची अक्कल कुणाची?"

सुमतीनं सासूकडं बघितलं न्हाई. इंदूनंही बघितलं न्हाई. कुणी बघायच्या आधीच मालतीबाई म्हणाल्या, "माझी. मी सांगितलं तिला पदराखाली घे म्हणून. स्वामींसमोर लेकरू रडणं बरं न्हाई. तोंडात दूध असलं की कळत न्हाई त्याला. आमच्या सासूबाईंनीपण..."

त्या थांबल्या. पुढचं वाक्य तोंडात आलेलं होतं, ते तसंच राहिलं. त्यांनी उंबऱ्याला हात लावला आणि त्या आत निघून गेल्या. तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं, कारण गुरुराजानं डोळे मिटले होते.

"निजू द्या," रुद्रम्मा म्हणाली. तिनं दोन्ही दंड कोरड्या मऊ फडक्यानं टिपले आणि वर लोणी लावलं. मग गोधडी अंथरून त्याला उताणं निजवलं, हात दोन्हीकडं मोकळे. "आता ऐक. मांडीवर घ्यायचं न्हाई. पदर घ्यायचा न्हाई. त्याला कुठंच धरायचं न्हाई. तू त्याच्यावर वाक."

"वाकू कशी?"

"गाय वासरावर उभी राहती तशी. हातागुडघ्यावर. लाज वाटायली व्हय? इंदुताई, दार लावा."

इंदूनं दार लावलं. सुमती तापानं थरथरत होती, तशीच हातागुडघ्यावर ओणवी झाली. तिचे केस पुढं आले, ते इंदूनं मागं धरून ठेवले. दूध आपोआपच ठिबकत होतं. एक थेंब त्याच्या गालावर पडला, एक ओठावर. गुरुराजानं झोपेत जीभ फिरवली. आणखी एक थेंब. त्यानं डोळे उघडले, वर बघितलं, आणि त्याचं अंग ताठ व्हायला लागलं.

"हलू नको," रुद्रम्मा कुजबुजली. "हात लावू नको. वाट बघ."

सुमतीनं वाट बघितली. मनगटं दुखायला लागली. ती काही बोलली न्हाई, त्याचं नावसुद्धा घेतलं न्हाई. त्याला कुणी धरलं न्हाई, कुठं दाबलं न्हाई, कुठं भाजलं न्हाई. मूठ हळूहळू उघडली. मग त्यानं तोंड उघडलं, मान इकडं तिकडं फिरवून शोधलं आणि धरलं.

पहिला घोट गिळल्याचा आवाज तिघींना ऐकू आला. मग दुसरा. मग तो असा प्यायला लागला की मधे श्वास घ्यायला थांबंना. इंदू तोंडात पदर कोंबून रडत होती. सुमतीच्या डोळ्यांतलं पाणी सरळ त्याच्या कपाळावर पडत होतं, आणि पुसायला तिला हात नव्हता.

दाराबाहेर अच्युतराव उभा होता. आतलं रडणं थांबलेलं त्यानं ऐकलं. "सुमती?" तो दारावर हात ठेवून म्हणाला. "सुमती, काय झालं? रडंना कामून तो?"

"प्यायलाय," आतून सुमतीचं उत्तर आलं. "वाटी घेऊन या. बघायला काय जातंय?"

तो तिथंच दाराशी बसला. त्याला हसूही आलं आणि हुंदकाही आला, आणि हे बोलणं आपल्याला जन्मभर ऐकावं लागणार हेही त्याला कळलं. ऐकायची त्याची तयारी होती.

---

मालतीबाई चुलीपुढं बसल्या होत्या. चूल पेटवायची राहिली होती. कालची राख तशीच होती.

चौतीस वर्षं. असाच स्वामींचा मुक्काम होता, अशीच एकादशी. सासूबाईंनी पदर नीट ओढून दिला होता आणि म्हटलं होतं, तोंडात दूध असू दे, रडणार न्हाई. पहिल्या चटक्याला वादिराज सुटला होता. त्यांनीही त्याला परत लावला होता. सतरा वर्षांची पोर, सासू सांगेल ते करणारी. ह्या दोन दिवसांत त्यांना वादिराज कितीदा आठवला होता, पण हे आठवलं नव्हतं. आठवायचं काही कारणच नव्हतं. त्यांना कारण आधीच सांगून ठेवलेलं होतं, आणि त्यांनी ते मानलं होतं. म्हणून तर काल त्यांनी सुमतीपुढं वाटी धरली होती. सुमतीच्या पोरानं तरी वाचावं म्हणून धरली होती.

व्यंकटेश झाला तेव्हा त्याला दुसऱ्या खोलीत नेला. त्याचं रडणं ऐकू यायचं आणि चोळी भिजायची. लेकराच्या तोंडी चुकून लागू नये म्हणून त्या चुलीपाशी येऊन राखेत पिळायच्या. अच्युताच्या वेळीही तसंच. वर राख सारायच्या आणि हात धुवायच्या.

"ऐकलंस का?" रामाचार्य दारात आले. ओलं धोतर, हातात पूजेची फुलं. "प्यायला म्हणे गुरुराज. चटक्याला भ्यायला होता, अच्युत सांगत होता. देवाची कृपा."

"व्हय. प्यायला."

"मग अशी कामून बसलीस?"

मालतीबाईंनी वर बघितलं. "अहो, वादिराजाला मुद्रा दिली तव्हा तो कुठं होता, आठवतंय का तुम्हाला?"

ह्या घरात ते नाव चौतीस वर्षांत कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. रामाचार्यांनी खांबाला हात लावला. "तुझ्या मांडीवर होता की."

"मांडीवर होता. पदराखाली होता. पीत होता."

माजघरातून इंदूचा आवाज आला, सुमे, दुसऱ्या बाजूला घे आता, सावकाश. रामाचार्यांनी आवाजाकडं बघितलं, मग बायकोकडं बघितलं, आणि त्यांना कळलं. ते उंबऱ्यावरच बसले. फुलं हातातून खाली पडली, ती त्यांनी उचलली न्हाईत.

"माझं दूध चांगलं होतं हो," मालतीबाई म्हणाल्या. "तिन्ही वेळेला चांगलं होतं."